जेवणाबरोबर तिची गोष्ट मागू नका

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात, खाद्यपदार्थांचं काम करणाऱ्या गटांसमोर केलेलं भाषण)

इथे बसलेल्या बऱ्याच जणी पोळी-भाजी केंद्र, खानावळ नाहीतर दिवाळीच्या फराळाचं काम करणाऱ्या गटांतून आल्या आहेत. म्हणून आज मी एका जेवणाची हकिगत सांगणार आहे. त्या जेवणात मला माझी एक जुनी चूक नव्यानं कळली. ती माझ्या एकटीची नाही, असं मला वाटतं.

2018 साली माझी मुलगी कामानिमित्त व्हिएतनाममध्ये, हनोईला होती. मी तिच्याकडे पंधरा दिवस राहिले. एका सकाळी आम्ही व्हान मिएउ बघायला गेलो. हे तिथलं विद्येचं मंदिर, 1070 साली बांधलेलं. आत दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिळा उभ्या आहेत. 1442 ते 1779 या काळात दरबारच्या परीक्षा पास झालेल्या विद्वानांची नावं त्यांवर कोरलेली आहेत. त्यात एकाही बाईचं नाव नाही, कारण बाईला परीक्षेला बसायलाच बंदी होती. न्गुयेन थी झुए नावाच्या बाईनं पुरुषाचा वेष घेऊन परीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली, असं तिथे सांगतात. शिकायचं तर आधी बाईपण लपवायचं! आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

या मंदिराच्या शेजारच्याच रस्त्यावर 'कोटो' नावाचं उपाहारगृह होतं. आम्ही दुपारी तिथे जेवलो. 'नो वन, टीच वन' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून हे नाव केलेलं आहे. म्हणजे, जे शिकलीस ते दुसरीला शिकव.

त्याची कुळकथा थोडक्यात सांगते. व्हिएतनामनं 1986 मध्ये 'दोई मोई' हे नवं आर्थिक धोरण घेतलं, बाजार खुला केला. शहरात पैसा आला, तशी खेड्यातली पोरंही पोट भरायला शहरात आली. कुणी बूट पॉलिश करायचं, कुणी पोस्टकार्डं विकायचं. रस्त्यावरच्या अशा पोरांना तिथे 'बुई दोई' म्हणतात. अर्थ, आयुष्याची धूळ. जिमी फाम हा व्हिएतनाममध्ये जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियात वाढलेला तरुण 1996 मध्ये तिकडे गेला, तेव्हा त्याला ही मुलं भेटली. सुरुवातीला त्यानं त्यांना जेवण दिलं, पैसे दिले. पुढे मुलंच म्हणाली की आम्हाला काम शिकव. 1999 साली नऊ मुलांना घेऊन त्यानं सँडविचचं छोटं दुकान काढलं. त्यातून ही संस्था वाढली. शिक्षण दोन वर्षांचं. स्वयंपाक किंवा वाढप, इंग्रजी, शिवाय चारचौघांत वावरायला लागतं ते सगळं. राहणं, जेवण, औषधपाणी संस्थेकडे. शेवटी मेलबर्नच्या बॉक्स हिल इन्स्टिट्यूटचं प्रमाणपत्र.

आम्ही तांदळाच्या पातळ पापडात गुंडाळलेल्या, भाज्या आणि कोळंबी घातलेल्या गुंडाळ्या मागवल्या. हा पापड म्हणजे बान्ह त्रांग. तांदळाचं पीठ वाफेवर पातळ पसरायचं आणि बांबूच्या जाळीवर उन्हात वाळवायचं. आपल्या सालपापड्याच म्हणा ना! मला एकदम माहेरची गच्ची आठवली.

वाढायला एक मुलगी होती, एकोणीस-वीस वर्षांची. मी लगेच सुरू झाले. तू कुठली? घरी कोण कोण आहे? इथे कशी आलीस? त्याआधी रस्त्यावर होतीस का? कार्यकर्तीची सवय, दुसरं काय! ती हसली. म्हणाली, "मी आधी तुम्हाला हे कसं खायचं ते दाखवू का?" आणि तिनं पान कसं घ्यायचं, चटणीत किती बुडवायचं, ते नीट दाखवलं. मुलगी मला मराठीत हळूच म्हणाली, "आई, ती तुझी मुलाखतीची बाई नाही. ती कामावर आहे."

मी गप्प बसले. घास तोंडात होता आणि मनात दुसरीच एक बाई उभी राहिली.

आमच्या पोळी-भाजी केंद्रात एक ताई होती. तासाला शंभर पोळ्या लाटायची, एकही कडक नाही. केंद्राच्या वर्धापनदिनाला देणगीदार येणार होते. आम्ही दारात मोठा फलक लावला. त्यावर तिचा फोटो आणि खाली लिहिलं, 'नवऱ्यानं टाकलेली, दोन लेकरांची आई, आज स्वतःच्या पायावर उभी.' तिला विचारलं होतं का? हो, विचारलं होतं. ती "बरं" म्हणाली होती. पण जिथून आपला पगार येतो तिथे बाई "नको" कशी म्हणणार? तिचा मुलगा त्याच रस्त्यानं शाळेत जायचा. पोरांनी त्याला चिडवलं. सोमवारपासून ती कामावर आली नाही. मी घरी गेले तेव्हा एवढंच म्हणाली, "ताई, माझ्या पोळ्या चांगल्या होत्या ना? मग तेवढंच लिहायचं होतं." ती परत आली नाही.

देणगी मिळाली. बाई गेली. आणि इतक्या वर्षांनी हनोईत मी पुन्हा तेच मागत होते. जेवणाचे पैसे दिले, आता वर तुझं दुःखही वाढ.

मैत्रिणींनो, सामाजिक कामासाठी चालणाऱ्या खानावळीत जेवताना आपल्याला बरं वाटतं. वाटू दे. पण त्या बरं वाटण्याची किंमत वाढणारीनं द्यायची नाही. आपण विचारायचे प्रश्न वेगळे आहेत, आणि ते तिला नाही, चालवणाऱ्यांना विचारायचे. शिकणाऱ्या मुलीला हातात काय मिळतं? प्रमाणपत्र तिचं तिच्याकडे राहतं का? दुसरीकडे नोकरी धरायला ती मोकळी आहे का? नफा कुठे जातो? व्हिएतनामच्या 2014 च्या उद्योग कायद्यानं सामाजिक उद्योगाची व्याख्याच केली. नफ्यातला निदान 51 टक्के भाग सामाजिक कामातच परत घालायचा. म्हणजे चांगुलपणा कुणाच्या मनावर सोडलेला नाही, तो हिशेबाच्या वहीत आणला आहे.

आपल्याकडेही हे माहीत होतं. प्रेमाताई पुरवांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी दया मागितली नाही. त्यांनी बँकेचं कर्ज मागितलं. घरात जो स्वयंपाक 'बाईचं कामच ते' म्हणून फुकट धरला जातो, तो धंदा आहे, त्याला पत आहे, हे त्यांनी दाखवलं. आपण मात्र स्टॉल लावला की म्हणतो, "आमच्या गरजू बायकांनी केलंय, घ्या हो!" असं म्हटलं की चकली बिघडली तरी चालते, आणि मजुरी कमी दिली तरी चालते. दोन्ही बाजूंनी तोटा बाईचाच.

म्हणून माझी तीन मागणी आहेत. आपल्या फलकावर पदार्थ आणि दर लिहू या. करणारीचं नाव तिला हवं असेल तर लिहू, पण तिची गोष्ट नाही. हिशेबाची वही केंद्रातल्या प्रत्येकीला उघडी ठेवू. आणि एखादी शिकून दुसरीकडे गेली तर 'सोडून गेली' म्हणायचं नाही, 'तयार झाली' म्हणायचं.

निघताना त्या मुलीनं विचारलं, जेवण कसं होतं? मी म्हटलं, "पापड फार पातळ आणि मऊ होता. आमच्याकडे इतका जमत नाही." ती जी खुलली, ती मघाच्या माझ्या एकाही प्रश्नानं खुलली नव्हती.

आता चहानंतर गटचर्चा आहे. प्रत्येक गटानं आपल्या फलकावर काय लिहिलंय, ते आधी वाचून दाखवावं. आमचा जुना फलक मी आणला आहे. सुरुवात माझ्यापासून करू.