आतड्याचा जुनाट दाह : शांत झाला, तरी गेला नव्हे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्या माण-हिंजवडी परिसरात संगणक उद्योगामुळे तरुण कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा जुनाट दाह, बहुधा याच तरुण वयात प्रथम डोके वर काढतो. वारंवार शौचास होणे, त्यावाटे रक्त जाणे, पोटात कळ येणे आणि थकवा ही त्याची लक्षणे होत. मूळव्याध समजून किंवा संकोचापोटी ती दडवली जातात आणि निदान लांबते.

या आजाराची वाटचाल कशी असते? जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना तो किशोरवयापासून होता. २००७ साली तो बळावला. वर्षभरातच त्यांना पद सोडावे लागले. पुढे नव्या औषधाने आराम पडला. २०१२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि जवळजवळ आठ वर्षे त्यांनी कारभार पाहिला. २०२० मध्ये आजार उलटला आणि त्यांनी पुन्हा राजीनामा दिला.

भरती-ओहोटीचा हा क्रम ध्यानी घ्यावा. बरे वाटताच औषध बंद करणे ही सर्वांत घातक चूक होय. दाह शांत ठेवणारे औषध नियमित घेतल्यास तो उलटण्याचा संभव घटतो. स्टिरॉइड मात्र भडका शमविण्यापुरतेच असते. ते स्वतःच्या मनाने लांबवू नये, एकाएकी थांबवूही नये. दीर्घकाळच्या दाहाने आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी दुर्बिणीद्वारे तपासणी सुरू करावी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने ती करीत राहावे.

आता एक नाजूक प्रश्न. पर्युषणात अठ्ठाईची भावना होते, चौविहारात औषधही वर्ज्य ठरते. अशा रुग्णाने पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि आपली प्रकृती गुरुमहाराजांसमोर मोकळेपणाने मांडावी. सूर्यास्तापूर्वी घेता येईल असे औषधाचे वेळापत्रक पुष्कळदा बसविता येते. बारा तपांत अनशन हे एक तप आहे. स्वाध्याय हेही तपच आहे. आणि घरच्यांसाठी वैयावृत्त्य आहेच. रुग्णाला "अजून बरा कसा झाला नाहीस?" असे न विचारता त्याच्या पथ्याची व औषधाच्या वेळेची काळजी वाहणे, हीच त्याची खरी सेवा होय.

जय जिनेंद्र.