रोग्याला विचारायचा एक प्रश्न



रोगनिदानासारख्या विषयावर बोलायला डॉक्टर सोडून युनियनचा माणूस का बोलावला, असा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांना पडला असेल. मलाही पडला होता. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही वाचले ते एस. टी. त, वाटाघाटींच्या खोलीबाहेर आणि दवाखान्यांच्या बाकांवर. त्यातही दवाखान्याचे बाक अधिक. सूतगिरणीतला माणूस दुखण्याला लागला की त्याच्याबरोबर कोणीतरी जावे लागते, आणि ते कोणीतरी म्हणजे बहुधा मी. त्यामुळे डॉक्टर रोग्याला काय विचारतात आणि काय विचारत नाहीत, हे मी पुष्कळ वर्षे शेजारी बसून ऐकत आलो आहे. आज बोलायचे ते त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी.

आपल्या जुन्या वैद्यांनी रोगी तपासण्याचे तीन मार्ग सांगितले: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. डोळ्यांनी पाहावे, हाताने चाचपावे, तोंडाने विचारावे. पश्चिमेकडच्या वैद्यकानेही पुढे जी भर घातली ती याच तिहींत. लिओपोल्ड आउएनब्रुगर हा ऑस्ट्रियातल्या ग्राट्‌झ गावच्या खानावळवाल्याचा मुलगा. पिंपावर टिचकी मारून आत कुठवर भरले आहे ते ओळखतात, हे त्याने लहानपणी पाहिले होते असे सांगतात. डॉक्टर झाल्यावर तो रोग्याच्या छातीवर बोटे वाजवू लागला. हवा भरलेली छाती पोकळ वाजते, पाणी झालेली बद्द वाजते. १७६१ साली त्याने यावर लहानसे पुस्तक काढले. पण त्याची खरी कदर झाली ती १८०८ साली कॉर्व्हिसारने त्याचे फ्रेंच भाषांतर केल्यावर. आपल्या आयाबहिणी माठ घेताना टिचकी मारून पाहतात, त्यांना ही विद्या नवी नाही. पुढे १८१६ साली लॅनेक याने पॅरिसमध्ये कागदाची गुंडाळी करून छातीला लावली, आणि आज डॉक्टरांच्या गळ्यात दिसते त्या नळीची सुरुवात झाली.

हे सारे थोर खरे. पण एक आकडा सांगतो. १९७५ साली इंग्लंडात हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या ८० रोग्यांची नोंद ठेवली. ६६ जणांच्या बाबतीत शेवटी ठरलेले निदान केवळ हकिकत ऐकूनच हाती आले होते. अंग तपासून मत बदलले ते ७ जणांच्या बाबतीत, प्रयोगशाळेमुळे बदलले ते आणखी ७ जणांच्या. म्हणजे तिसरा मार्ग, प्रश्न, हाच सर्वांत मोठा. आणि घाईत पहिल्यांदा कापला जातो तोही हाच.

आता आमच्या एका मामांची गोष्ट. गिरणीत सगळेच त्यांना मामा म्हणत. काम ब्लोरूममध्ये, म्हणजे गासड्या फोडून कापूस पिंजायला लावतात त्या खात्यात. बावीस वर्षे तिथेच. खोकला आणि धाप लागली म्हणून त्यांना एका दवाखान्यात नेले. छातीचा फोटो काढला, बेडका तपासला. बेडक्यात काही निघाले नाही, फोटोही संशयापुरताच. ‘बिडी ओढता का?’ असे विचारले. हा प्रश्न मात्र कधी कोणी विसरत नाही! मामा ओढत होते. क्षय असावा असे धरून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या संपल्या, धाप राहिली. त्या सहा महिन्यांत मामा रोज ब्लोरूममध्येच जात होते. क्षयाच्या शंकेने घरी त्यांचे ताट-तांब्या वेगळे ठेवले होते, नातवाला जवळ येऊ देत नव्हते. त्याचे दुःख त्यांना धापेपेक्षा जास्त होते.

पुढे एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बसवून घेतले आणि विचारले, “काम काय करता?”

“गिरणीत हाय.”

“गिरणीत म्हणजे नेमकं कुठं? हातानं काय करता?”

मामांनी गासडीपासून सगळे सांगितले. मग बाईंनी विचारले, “सोमवारी जास्त त्रास होतो का?” मामा म्हणाले, “न्हाई.” बाईंचा चेहरा जरा उतरला. त्यांनी ग्रंथात वाचले होते ते सोमवारचे. युरोपातल्या गिरण्यांना रविवारची सुटी, म्हणून सोमवारी छाती आवळते असे पुस्तकात. पण मामाच पुढे म्हणाले, “सोमवारी न्हाई बाई, बेस्तरवारी. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी लई आवळतंय बघा. आमची सुट्टी बुधवारी असतीया.”

त्या एका वाक्यात निदान होते. रोगाचे नाव बिसिनोसिस, कापसाच्या धुळीचा दमा म्हणा हवे तर. खरे म्हणजे दम्याहून तो वेगळा. कारखान्यातल्या एखाद्या पदार्थाच्या वावड्याने जो दमा होतो, तो बहुधा आठवडा सरेल तसा वाढत जातो आणि सुटीत उतरतो. बिसिनोसिसची रीत सुरुवातीला उलटी. सुटीनंतर कामावर गेले की काही तासांनी छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. कामगाराला वाटते, सवय मोडली म्हणून झाले असेल. अशी वर्षे जातात. मग त्रास दुसऱ्या दिवशीही राहतो, मग आठवडाभर, आणि शेवटी सुटीच्या दिवशीही जिना चढवत नाही. इंग्लंडातल्या रिचर्ड शिलिंग यांनी १९५० नंतरच्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांतून कामगारांना विचारून विचारून या रोगाच्या पायऱ्या बसवल्या. त्यांचे मोजमाप यंत्राचे नव्हते, वाराचे होते. कधीमधी पहिल्या दिवशी. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी. पहिल्या आणि इतरही दिवशी. आणि त्यापुढे कायमचे अपंगत्व.

कारण शोधत गेले तेव्हा असे दिसले की, दोष धुवट कापसाच्या तंतूचा नसून त्याच्याबरोबर येणाऱ्या पाल्याच्या, बोंडाच्या कचऱ्याचा आणि त्यावर वाढणाऱ्या जंतूंच्या विषाचा मुख्यतः असावा. म्हणून ब्लोरूम आणि कार्डिंग ही खाती सर्वांत वाईट, पुढे सूत निघत जाते तसा धोका कमी. फोटोत या रोगाची अशी खास खूण उमटत नाही. सिलिकोसिसमध्ये, म्हणजे दगडाच्या धुळीच्या रोगात, निदान डाग तरी दिसतात, ते क्षयासारखे दिसून घोटाळा करतात हा भाग वेगळा. इथे काचेवर काहीच नाही. नळीत मात्र जोरात फुंकून पाहता येते: सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीच्या आधी आणि पाळीनंतर, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजायचे. पाळीनंतर ती घटली, तर तो पुरावा. पण ही तपासणी कोणत्या दिवशी करायची हे कळायला आधी सुटीचा वार विचारावा लागतो! भलत्याच दिवशी केली तर माणूस धडधाकट ठरतो.

हा प्रश्न काही आजचा नाही. इटलीत मोदेना येथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य होता. त्याच्या घराचा शौचकूप उपसायला आलेला माणूस जिवाच्या आकांताने घाई करत होता. ‘एवढी घाई का?’ असे विचारल्यावर तो म्हणाला, इथे जास्त वेळ थांबले की डोळे जातात. रामाझ्झिनीने मग गावातले असे कामगार पाहिले, तर अर्धे आंधळे झालेले भीक मागत होते. तिथून तो एकेक धंदा पाहत सुटला आणि १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात अंबाडी आणि जवसाचे धागे पिंजणाऱ्यांचा खोकला आणि दमा आहे. त्याचे म्हणणे असे की, गरिबाच्या घरी गेल्यावर वैद्याने तिपाईवर का होईना, बसावे, आणि हिपोक्रेटिसने सांगितलेल्या प्रश्नांत आणखी एक घालावा: काम काय करतोस? मला त्यातले बसावे हे फार आवडते. उभ्याने हा प्रश्न विचारता येत नाही.

आता माझीही एक चूक सांगितली पाहिजे, नाहीतर मी सारे डॉक्टरांच्या माथी मारतो असे होईल. मामांच्या प्रकरणानंतर मला जिथे तिथे कापसाची धूळ दिसू लागली. कार्डिंगमधला एक पोरगा धापा टाकत आला. मी त्याला सांगून टाकले की हे धुळीचेच, आपण नुकसानभरपाईचा अर्ज करू. अर्जाच्या कागदांत तीन आठवडे गेले. वार मी विचारलाच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी त्याला पाहिले, पाठीवर बोटे वाजवली. डावी बाजू खाली बद्द वाजत होती. नळीला तिथे श्वास ऐकू येईना. सुई घालून पाणी काढले. क्षयाने छातीत पाणी झाले होते. गोळ्यांनी तो बरा झाला. पण ते तीन आठवडे माझे. मामांना नसलेला क्षय दिला गेला, या पोराचा असलेला मी झाकला. बाई रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, “भाऊ, उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारू नका.”

कायद्याचे दोन शब्द. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कापसाच्या धुळीचा हा रोग पुढे घातला गेला. परंतु परिशिष्टात नाव असून काय उपयोग, जर केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘नोकरी’ एवढेच लिहिलेले असेल? मी डझनावारी केसपेपर पाहिले आहेत. ‘नोकरी’, ‘मजुरी’, नाहीतर नुसती आडवी रेघ. त्या रेघेवर कोणालाही नुकसानभरपाई मिळवून देता येत नाही.

म्हणून आता दवाखान्यात जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर आम्ही एक चिठ्ठी देतो. त्यावर खाते, तिथे किती वर्षे, त्याआधी कुठे, साप्ताहिक सुटीचा वार, आणि छाती कोणत्या वारी आवळते, एवढेच. रोगाचे नाव लिहायचे नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवले आहे. काही डॉक्टर ती वाचतात, काही बाजूला ठेवतात. एकाने ती परत देऊन विचारले, “हे वार कशाला?” मग आम्ही अर्धा तास बोललो.

मामांना ब्लोरूममधून काढून वेष्टन-खात्यात घालून घेतले. भांडून घ्यावे लागले. पण उशीर झाला होता. आरंभीच धुळीतून बाहेर काढले तर माणूस सावरतो, इतक्या वर्षांनी गेलेला दम परत येत नाही. आता ते घरीच असतात, बिडी सोडली आहे. ताट-तांब्या पुन्हा सगळ्यांबरोबर आहे, आणि नातू मांडीवर असतो. परवा गेलो तेव्हा म्हणाले, “आता बेस्तरवार काय आन् सोमवार काय, समदे सारखेच.”