गुण पदार्थाला द्यावेत

ठाण्याला निघालेल्या माणसाला आपण काय सांगतो? ‘मामलेदारची मिसळ खाऊन ये.’ दादरला जाणार असेल, तर ‘प्रकाशचा साबुदाणा वडा, आणि वर पियुष.’ हॉटेलातल्या खुर्च्या कशा आहेत, हे कुणी सांगत नाही. आपली शिफारस पहिल्यापासून पदार्थाचीच.

हातात मोबाइल आला आणि ही सवय सुटली. आता अख्ख्या हॉटेलाला पाचापैकी तारे. आमटी खारट, पंखा बंद, गाडी लावायला जागा नाही, या सगळ्याचा मिळून एकच आकडा! न्यूयॉर्कच्या टिम आणि नीना झॅगट या दांपत्याने १९७९ मध्ये मित्रांची मतं गोळा करायला सुरुवात केली. त्यातून निघालेल्या पुस्तकांत निदान खाणं, सजावट आणि सेवा यांचे गुण वेगवेगळे असत. पुढे अमेरिकेतल्याच ‘फूडस्पॉटिंग’ने हॉटेल बाजूला ठेवून एकेका पदार्थाचा फोटो आणि शिफारस मागितली. २०१३ मध्ये दुसऱ्या कंपनीने ते विकत घेतलं आणि नंतर ते बंद पडलं. कल्पना मात्र मला पटलेली आहे, आणि त्याला कारण माझीच एक चूक.

एका छोट्या खाणावळीत आमटी फार खारट लागली. रागारागाने दोन तारे दिले आणि मोकळी झाले. महिन्याभराने मैत्रिणीबरोबर पुन्हा तिथेच जाणं झालं. मालकीणबाई वाढता वाढता म्हणाल्या, “ताई, कुणीतरी दोनच तारे दिलेत. काय चुकलं ते लिहिलं असतं, तर सुधारलं असतं हो.” माझा घास घशातच अडकला. त्या दिवशी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या होत्या. ठेचा दोनदा मागून घेतला होता. त्याचा मात्र एक शब्दही लिहिला नव्हता.

मी कबुली दिली. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मीठ दोनदा पडलं असेल. नवीन मुलगी होती तेव्हा.” आणि पानात भाकरी वाढली.

घरी येऊन मी ते तारे काढून टाकले आणि लिहिलं, ‘ज्वारीची भाकरी आणि ठेचा उत्तम. एकदा आमटी खारट होती, या वेळी चांगली होती.’

तारे देताना आपलं फक्त बोट हलतं, पण त्यावर कुणाची तरी चूल चालते. म्हणून पदार्थाचं नाव घ्यावं, दिवस सांगावा आणि आवडलेलं आधी लिहावं.