जुन्या वस्तूंचा व्यवहार आणि आपली सावधगिरी

(विचुंबे येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून जुनी सायकल, जुना मोबाईल आणि जुने कपाट यांविषयी बोलावे, हे कोणाला विचित्र वाटेल. परंतु जी गोष्ट घराघरांत घडते आहे, तिचे शिक्षण शाळेने द्यावयाचे नाही तर कोणी द्यावयाचे? आपले विचुंबे नवीन पनवेलला लागून असलेले गाव. येथे इमारती उभ्या राहिल्या, भाडेकरू कुटुंबे येऊ-जाऊ लागली. घर बदलताना फ्रीज विकावा लागतो, नव्या घरासाठी दिवाण घ्यावा लागतो. मुलगा कॉलेजात गेला की सायकल जाते आणि जुनी स्कूटर येते. जुनी वस्तू घेण्यात कमीपणा मुळीच नाही. काटकसर हा सद्गुण आहे. म्हणून जुने घेऊच नका, असा उपदेश मी करणार नाही. ते कसे घ्यावे आणि कसे विकावे, एवढेच सांगणार आहे.

आपल्यापैकी अनेक वडीलधाऱ्यांनी मुंबईचा चोरबाजार पाहिला असेल. भेंडीबाजाराजवळच्या मटन स्ट्रीटवर जाणारा जाणता गिऱ्हाईक घड्याळ कानाशी धरून पाही, पंखा लावून पाही, मग घासाघीस करी आणि वस्तू हातात आल्यावरच पैसे मोजी. त्याच्या या वागण्यात तीन नियम होते. वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयाची, माणूस समोर हवा, आणि देणे-घेणे एकाच वेळी व्हावयाचे. आज तो बाजार ओएलएक्स, फेसबुकचे मार्केटप्लेस आणि व्हॉट्सअॅपचे ग्रुप यांच्या रूपाने आपल्या खिशात आला आहे. बाजार बदलला, तरी नियम बदललेले नाहीत. ठकसेनाची सारी कला हे तीन नियम तुम्हांला मोडावयास लावण्यात आहे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवलीत, तर त्याची नवी युक्तीही तुम्हांला ओळखता येईल.

प्रथम विकणाऱ्याची फसवणूक पाहू. तुम्ही कपाटाची जाहिरात टाकता. थोड्याच वेळात फोन येतो. बोलणारा अत्यंत नम्र असतो. "मी फौजेत आहे, बदलीवर आहे, स्वतः येऊ शकत नाही; माणूस पाठवून सामान नेतो," असे तो सांगतो आणि ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. किमतीत एक रुपयाही कमी करावयास तो सांगत नाही. येथेच शंका यावयास हवी. कपाट न पाहता, भाव न करता पैसे देणारा गिऱ्हाईक जगात कोठे असतो? आपल्या सैनिकांविषयी आपल्याला आदर आहे. त्या आदराचाच हा गैरफायदा आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये जनतेसाठी काढलेल्या पुस्तिकेतही दूरच्या ठिकाणी नेमणूक असल्याची बतावणी करणाऱ्या अशा तोतया जवानांविषयी सावध केलेले आहे.

पुढची पायरी अशी की, तो एक क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो, "हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." विश्वास बसावा म्हणून आधी एखादी किरकोळ रक्कम खरोखरच पाठवतो. मग मोठा कोड येतो आणि खाते रिकामे होते.

हे फक्त अडाणी माणसाच्या बाबतीत घडते, असे कोणी समजू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या मुलीने सोफा विकण्यास काढला असता तिची याच पद्धतीने ३४,००० रुपयांची फसवणूक झाली. आधी थोडी रक्कम जमा झाली, नंतर कोड स्कॅन करताच २०,००० रुपये गेले, आणि "चुकीचा कोड गेला, दुसरा पाठवतो" असे सांगून आणखी १४,००० रुपये काढले गेले. सुशिक्षित घरातही हे घडते, कारण घाईत आणि विश्वासात शिक्षणाचा उपयोग करण्यास सवडच मिळत नाही.

यूपीआय ही पद्धत देशात २०१६ साली सुरू झाली. तिचा एक मूलभूत नियम घरातील प्रत्येकाला, अगदी दादी-नानीलाही, पाठ असला पाहिजे. पिन हा पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच नसतो. वडीलधाऱ्यांना समजेल अशा भाषेत सांगावयाचे तर, पिन म्हणजे चेकवरची सही. कोणी तुम्हांला पैसे देत असेल, तर चेकवर सही त्याने करावयाची असते. "तुम्हांला पैसे द्यावयाचे आहेत, तुमच्या चेकवर सही करा," असे कोणी म्हणाला तर आपण हसू. पिन मागणाऱ्यालाही तसेच हसून फोन ठेवून द्यावा. ओळखीच्या वा अनोळखी व्यक्तीने आपल्या मोबाईलवर पैशांची मागणी पाठवण्याची जी सोय होती, ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्याचा निर्देश नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने दिला. एक दरवाजा त्यामुळे लागला. परंतु कोड स्कॅन करून स्वतः पिन टाकणाऱ्याला कोणता निर्देश वाचवणार?

दुसरा प्रकार दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा. तो मोबाईलवर "पैसे गेले" असे हिरव्या खुणेचे चित्र दाखवतो आणि वस्तू उचलतो. असे चित्र बनावटही असू शकते. कधी बँकेसारखा दिसणारा खोटा संदेश येतो आणि मागोमाग फोन येतो, "भाईजान, १,००० ऐवजी चुकून १०,००० गेले, बाकीचे परत करा." अशा वेळी दुसऱ्याचा मोबाईल आणि आपल्याला आलेला संदेश, दोन्हींवर विसंबू नये. आपल्या बँकेच्या अॅपमध्ये जाऊन शिल्लक पाहावी. पैसे तेथे दिसले तरच आले.

आता खरेदीकडे वळू. जाहिरातीत उत्तम स्कूटर निम्म्या किमतीत दिसते. बकरी ईद जवळ आली की धष्टपुष्ट बोकडाचा फोटो आणि पडेल भाव दिसतो. "दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, आत्ताच थोडा आगाऊ रक्कम भरा," असा तगादा सुरू होतो. मग गाडीभाडे, मग गेटपास, मग कर, आणि प्रत्येक वेळी "ही रक्कम परत मिळेल" असे आश्वासन. वस्तू मात्र येत नाही. उपाय जुनाच आहे. न पाहिलेल्या वस्तूसाठी एक पैसाही आगाऊ देऊ नये. पनवेल किंवा खांदेश्वर स्टेशनच्या परिसरासारख्या वर्दळीच्या ठिकाणी, दिवसाउजेडी, घरातील मोठ्या माणसाला बरोबर घेऊन भेटावे. घरी एकटी स्त्री असताना परक्या गिऱ्हाइकाला वर बोलावू नये. वस्तू इमारतीच्या फाटकाशी दाखवावी.

मोबाईल घेताना आणखी एक काळजी घ्यावी. त्यावर स्टार हॅश शून्य सहा हॅश हे बटण क्रमाने दाबले की १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. दूरसंचार विभागाच्या २०२३ पासून सर्वांसाठी खुल्या असलेल्या संचार साथी या सेवेवर तो क्रमांक घालून पाहिला, तर हँडसेट चोरीचा म्हणून बंद केलेला आहे काय, हे समजते. बिल आणि खोका मागून घ्यावा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा आहे. आणि स्वतःचा मोबाईल विकताना आपली खाती, फोटो आणि बँकेची अॅप पूर्णपणे पुसून, सिमकार्ड काढून मगच तो दुसऱ्याच्या हाती द्यावा.

गाडीच्या बाबतीत तर कागद हाच खरा माल समजावा. एमएच ४६ या आपल्या पनवेलच्या क्रमांकाची गाडी असो वा बाहेरची, परिवहन खात्याच्या अॅपवर मालकाचे नाव, कर्जाचा बोजा आणि विम्याची मुदत पाहून घ्यावी. नमुना २९ व ३० भरून नाव बदलून घ्यावे. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे त्याच राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत तसे कळवावयाचे असते. "पैसे मिळाले, आता गाडी त्याची" असे समजून स्वस्थ बसणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल ध्यानात ठेवावा. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, असे न्यायालयाने त्यात सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, यापुढचे बोलणे खास तुमच्यासाठी आहे. फसवून काढलेला पैसा कोणाच्या तरी खात्यात जातो, आणि ठक स्वतःचे खाते कधी वापरत नाही. तो एखाद्या गरजू मुलाला म्हणतो, "तुझे खाते आणि एटीएम कार्ड काही दिवस दे, घरबसल्या कमिशन मिळेल." दोन-चार हजारांच्या मोहात मुलगा खाते देतो. पोलीस तपासाला निघतात तेव्हा ठक पसार असतो आणि नाव सापडते ते या मुलाचे. खाते गोठते, चौकशी सुरू होते आणि नोकरीच्या वेळी तीच गोष्ट आडवी येते. आपले खाते, आपले सिमकार्ड आणि आपले आधार कोणालाही, जिवलग मित्रालाही, वापरावयास देऊ नका.

इतके करूनही कोणी फसले तर? तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाईनवर तत्काळ फोन करावा, किंवा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात वेगाने फिरवले जातात. ते वाटेतच गोठवता आले तर परत मिळण्याची आशा असते. येथे तासांना नव्हे, मिनिटांना किंमत आहे. व्यवहाराचा क्रमांक, ठकाचा फोन नंबर आणि त्याचे संदेश जपून ठेवावेत. रागाने पुसून टाकू नयेत. आपल्या बँकेलाही लगेच कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचे तत्त्व असे होते की, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान तो बँकेला कळवीपर्यंत त्याचे, आणि कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे. म्हणजे कळवण्यातला उशीर आपल्याच खिशातून जातो. आणि "थोडी फी द्या, तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो," असे सांगणारा भेटला, तर तो दुसरा ठक समजावा.

पालकहो, शेवटची विनंती तुम्हांला आहे. हे पैसे वाचवण्यात सर्वांत मोठा अडथळा कोणता असेल, तर तो भीतीचा. मुलगा फसतो आणि गप्प बसतो. अब्बा मारतील, अम्मी रडेल, भाऊ चारचौघांत हसेल, म्हणून तो रात्रभर एकटा तळमळत राहतो. सकाळी घरात कळते, तेव्हा पैसे हाताबाहेर गेलेले असतात. ठकसेन आपल्या या शरमेवर विसंबून असतो. मुलाने येऊन सांगितले की आधी १९३० ला फोन लावा. रागवायचे असेल तर नंतर रागवा, आणि खरे सांगितल्याबद्दल त्याची पाठही थोपटा. आजच घरी गेल्यावर त्याला एवढे सांगून ठेवा की, "बेटा, काही झाले तर पहिल्यांदा मला सांग." हे वाक्य ज्या घरात बोलले गेले आहे, त्या घरात ठकाचे काम अर्धे फसले असे समजा.