समुद्रावरची नोकरी आणि पाखरं
(दहावी २००४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सूत्रसंचालकानं माझी ओळख करून देताना ‘पक्षीमित्र’ असा शब्द वापरला. मागच्या बाकावरून कोण हसलं ते मी बघितलंय. हसणाऱ्याचं बरोबर आहे. शाळेत असताना मला चिमणी, कावळा आणि पोपट सोडला तर चौथं पाखरू सांगता आलं नसतं. वर्गातल्या सगळ्यांत जास्त गलोल माझ्याच दप्तरात सापडायच्या, हे सरांना अजून आठवत असेल.

मी नोकरीला जीवरक्षक आहे. अलिबागजवळ, अक्षी-नागावच्या किनाऱ्यावर. आपल्या जांबेचा माणूस समुद्रावर जीवरक्षक कसा, हा प्रश्न तिकडे सगळे विचारतात. गावाचं नाव सांगितलं की पहिल्यांदा समर्थांचा विषय निघतो, कारण शिवथरघळ त्याच रायगड जिल्ह्यात आहे. मग विचारतात, ‘तुमच्याकडे पाणी कुठं असतं रे पोहायला?’ पाणी नसतं म्हणूनच मी तिकडे गेलो, हे त्यांना सांगावं लागतं.

२०१२-१३ चा दुष्काळ इथं बसलेल्या कुणालाही नव्यानं सांगायला नको. आमची मोसंबीची बाग होती. वडिलांनी टँकरचं पाणी विकत घेऊन घातलं, खोडांना आच्छादन केलं, शेवटी फळं काढून टाकून नुसती झाडं जगवायचा प्रयत्न केला. झाडं गेली. वाळलेली बाग तोडून सरपण म्हणून विकली त्या दिवशी वडील जेवले नाहीत. ज्या विहिरीत मी पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, तिच्या तळाला भेगा पडल्या होत्या. गावातला एक जण अलिबागकडे गवंडीकामाला होता. त्यानं सांगितलं, पोहता येणारी पोरं पाहिजेत, चाचणी आहे. मी गेलो. खारं पाणी आयुष्यात पहिल्यांदा त्या चाचणीच्या दिवशी तोंडात गेलं.

काम काय, तर बघत बसणं. शिट्टी, दोर, लाल ट्यूब आणि एक जुनी दुर्बीण. शनिवार-रविवार माणसांचा पूर, आणि मंगळवार-बुधवारी सकाळी किनारा एकदम मोकळा. अशा रिकाम्या सकाळी दुर्बीण कुठंतरी लावायची म्हणून लावली, तर ओल्या वाळूवर काहीतरी पळत होतं. लाट मागं सरली की धावायचं, थबकायचं, टोच मारायची, परत धावायचं. वाळूच्याच रंगाचं. नुसत्या डोळ्यांना तिथं काही आहे असं वाटत नव्हतं. दुर्बिणीतून मोजली तर दोनशेच्या वर निघाली.

नाव माहीत नव्हतं. रविवारी मुंबईहून काही लोक मोठ्या दुर्बिणी घेऊन यायचे. मला वाटायचं, सरकारी मोजणीवाले असतील. त्यांतल्या एका म्हाताऱ्या काकांना विचारलं. म्हणाले, ‘हा चिखल्या. लडाख-तिबेटकडच्या उंच माळांवर उन्हाळ्यात अंडी घालतो आणि हिवाळा काढायला इथं येतो.’ वजन किती, तर साठेक ग्रॅम. मित्रांनो, मी मोसंबीवाल्याच्या घरचा. माझा हिशेब मोसंबीत चालतो. एका बऱ्या मोसंबीत असली तीन पाखरं बसतात. आणि ते हिमालय ओलांडून येतं, पोटापाण्यासाठी. मीही पोटापाण्यासाठीच आलो होतो, आणि तीन महिने रात्री गावच्या आठवणीनं झोप येत नव्हती. त्या दिवसापासून ते पाखरू मला आपल्यातलं वाटायला लागलं.

मग नादच लागला. तपकिरी डोक्याचे कुरव आले की थंडी सुरू. लाल चोचीचा, काळापांढरा कालवफोड्या, नावाप्रमाणेच कालवं-शिंपले उघडून खाणारा. सुरय वरून सूर मारतो तो बघितल्यावर आपण विहिरीत मारायचो त्या उड्या म्हणजे नुसतीच धप्प होती, हे कळलं. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ मिळवला.

पाखरं कधी जवळ येणार हे भरती-ओहोटीवर असतं. एका नाखवांनी मला त्याचा हिशेब शिकवला. पंधरवड्यातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण घड्याळ नसलेल्या माणसाचं काम भागतं. नाखवा बोटांवर मोजायच्या आत मी उत्तर दिलं तेव्हा ते चकित झाले. माझ्या आजोबांनी मला पाऊणकी पाठ करून घेतली होती, आणि ती कशाला लागते हे मला पंचवीस वर्षं कळलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, हा माणसं बघायच्या पगारात पाखरं बघतो. आमच्या वरच्या साहेबांनाही तसंच वाटलं होतं. गर्दीच्या वेळी मी पाखरांसाठी दुर्बीण वळवत नाही, हा नियम पहिल्यापासून. पण पाखरांनी मला कामातही शिकवलं. ओहोटीला आत एक वाळूचा दांडा उघडा पडतो, त्यावर कुरवांचा थवा विसावतो. दांडा आणि किनारा यांच्यामध्ये खोलगट पन्हळ असते. ओहोटीत गुडघाभर पाण्यातून माणसं सहज पलीकडे जातात, थव्याचे फोटो काढतात. भरती लागली की दांडा कोरडाच दिसतो, पाणी आधी मागच्या पन्हळीत भरतं. पुढं समुद्र शांत आणि मागं परतीची वाट बंद.

एका तृतीयेची गोष्ट आहे. म्हणजे भरती सव्वादोनला, आठपासून पाणी चढतं. साडेनऊच्या सुमारास मी दुसऱ्या टोकाला एका कुटुंबाला सूचना देत होतो. दांड्यावरचा अख्खा थवा एकदम उठला. थवा असा उठतो तो घारीमुळं किंवा माणसामुळं. वर घार नव्हती. दुर्बीण लावली तर तीन पोरं, कॉलेजची, पाठमोरी. पन्हळीत पाणी कमरेच्या वर गेलं होतं. शिट्टी वाऱ्यात ऐकू गेली नाही. सहकाऱ्याला दोर धरायला सांगून मी ट्यूब घेऊन गेलो आणि तिघांना एकेक करून आणलं. एकालाही पोहता येत नव्हतं. थवा उठला नसता तर माझं लक्ष तिकडं जायला किती वेळ लागला असता, हे मी आजही मोजत नाही. साहेबांनी त्यानंतर दुर्बिणीचा विषय काढला नाही.

सुट्टीत एकदा किहीमला गेलो, आमच्यापासून जवळच. १९३० साली सालीम अली जर्मनीहून परत आले तेव्हा त्यांना नोकरी राहिली नव्हती, म्हणून ते समुद्रकाठच्या त्या गावात राहायला गेले. एवढा मोठा माणूस, बेकार म्हणून समुद्रावर आलेला! हे वाचून मला फार धीर आला. तिथं त्यांनी घराजवळच्या झाडावरची सुगरणींची वसाहत रोज बघितली आणि नोंदी केल्या. घरटं विणतो तो नर. अर्धं विणून झालं की मादी येऊन तपासते. पसंत पडलं तर ती राहते, नर ते पुरं करतो आणि दुसरं घरटं विणायला घेतो. दुसऱ्या मादीसाठी! बायांनो, ‘सुगरण’ हा शब्द आपण बायकी केला, बहिणाबाईंनी कौतुक केलं तेही तिचंच, पण विणकाम सगळं बाप्याचं आहे.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढं आमच्या विहिरीवरची बाभूळ होती. जन्मभर ती घरटी बघितली, त्यांवर दगड मारले, आणि त्यांच्यात काय चालतं हे मला कळायला समुद्रावर जावं लागलं.

पुढच्या पावसाळ्यात रजा काढून आलो आणि दोन दिवस विहिरीवर बसलो. पिवळ्या डोक्याचे नर उसाच्या पात्याची चिरफळी काढून आणत होते. वडील म्हणाले, ‘पाखरं बघून पोट भरतं का?’ मी काही बोललो नाही, दुर्बीण त्यांच्या हातात दिली. बाग गेल्यापासून ते विहिरीकडं फिरकत नव्हते. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत बसले. एका नराचं अर्धं घरटं मादीनं नाकारलं, तेव्हा हळहळले. म्हणाले, ‘मेहनत गेली बिचाऱ्याची.’ मग बराच वेळ गप्प.

नंतर आम्ही शेततळं केलं, थोडी मोसंबी परत लावली. दरवर्षी थंडीच्या तोंडाला तळ्याच्या बांधावर शेपटी हलवत धोबी येतो, तो वडील माझ्या आधी बघतात. फोन करतात आणि एवढंच म्हणतात, ‘तुझा पाहुणा आला.’ पैशांचं, दवाखान्याचं बोलणं नंतर. नाथसागरावर पट्टकादंब बघायला त्यांना मागच्या वर्षी पैठणला नेलं. ज्या धरणाच्या डाव्या कालव्याच्या पाण्याची त्यांनी जन्मभर वाट बघितली, ते अभयारण्य आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

फार बोललो. उद्या सकाळी ज्यांना यायचं असेल त्यांनी सहा वाजता देवळाच्या कमानीपाशी यावं, आमच्या विहिरीवर जाऊ. आता नरांचा पिवळेपणा उतरलाय, चिमणीसारखेच दिसतात, पण जुनी घरटी लोंबताहेत आणि धोबी आलेला आहे. दुर्बिणी दोनच आहेत, आलटून पालटून बघावं लागेल. चहा विहिरीवरच मिळेल, आईनं तसं सांगून ठेवलंय.