सिलिकेचा कण आणि एकस्वाची कसोटी



सिलिका ही कोणाच्याही मालकीची वस्तू नाही. नदीच्या वाळूत ती आहे, गारगोटीत आहे, भाताच्या तुसाच्या राखेतही आहे. भूकवचाच्या वजनात तिचा वाटा निम्म्याहून अधिक भरतो. असे असूनही सिलिकेच्या कणांपासून बनविलेल्या पदार्थांवर जगभर एकस्वे, म्हणजे पेटंटे, मागितली जातात आणि त्यांवरून वाद होतात. सर्वांच्या मालकीच्या वाळूतून एका व्यक्तीची वा संस्थेची मालमत्ता केव्हा निर्माण होते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय होय.

हा प्रश्न बोम्मसंद्रा येथे विचारला जावा, यात औचित्य आहे. बंगळूरुच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत, आनेकल तालुक्यात वसलेल्या या औद्योगिक परिसरात औषधनिर्मितीचे आणि जैवतंत्रविद्येचे मोठे कारखाने आहेत. इन्सुलिनसारखी प्रथिने शुद्ध करण्याच्या प्रचलित पद्धतीत पोलादी स्तंभात सिलिकेचे सूक्ष्म सच्छिद्र कण ठासून भरतात. त्या कणांच्या पृष्ठभागाला कार्बनच्या साखळ्या रासायनिक बंधाने जोडलेल्या असतात. द्रावण स्तंभातून जाताना हव्या त्या रेणूंची आणि अशुद्ध रेणूंची फारकत होते ती या साखळ्यांमुळे. तेव्हा अशा कणांवर कोणाचा हक्क चालतो, ही गोष्ट केवळ वकिलांच्या जिज्ञासेची राहत नाही. तिचा संबंध अखेरीस औषधाच्या किमतीशी पोहोचतो.

प्रथम पदार्थाची ओळख करून घेणे इष्ट ठरेल. अमेरिकेतील वॉल्टर पॅट्रिक या रसायनशास्त्रज्ञाला सिलिका जेल तयार करण्याच्या रीतीबद्दल १९१९ मध्ये एकस्व मिळाले. १९३१ मध्ये सॅम्युएल किस्टलर याने जेलमधील द्रव काढून घेऊन तिचा सांगाडा जसाच्या तसा राखला आणि ‘एरोजेल’ हा अतिशय हलका पदार्थ सिद्ध केला. १९६८ मध्ये श्टोबर, फिंक आणि बोन यांनी अल्कोहोल व अमोनिया यांच्या साहाय्याने एकाच आकाराचे गोल कण बनविण्याची रीत प्रसिद्ध केली. आज प्रयोगशाळेतील विद्यार्थीही ती सहज वापरतो. सिलिकेच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गटांना सिलेन जातीची संयुगे जोडता येतात आणि त्यांच्या दुसऱ्या टोकाला रबर, बहुवारिक किंवा दुसरा कण बांधता येतो, हेही दीर्घकाळ ठाऊक आहे. मोटारींच्या टायरांत सिलिका आणि रबर यांची सांगड याच मार्गाने घातली जाते.

यावरून अडचण कोठे आहे ते स्पष्ट होईल. कण जुना, जोडणारे संयुग जुने, जोडण्याची क्रियाही जुनी. मग या तिन्हींच्या संयोगातून आलेला पदार्थ नवा कशावरून?

भारतीय कायद्याने या प्रश्नाला वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे दिली. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सादर केलेल्या अहवालाच्या आधारे १९७० चा एकस्व अधिनियम तयार झाला आणि १९७२ मध्ये तो अंमलात आला. त्याच्या पाचव्या कलमानुसार अन्न, औषधे आणि रासायनिक प्रक्रियेने तयार होणारे पदार्थ यांच्या बाबतीत फक्त कृतीवर एकस्व मिळे, पदार्थावर नव्हे. मिश्रधातू, प्रकाशीय काच आणि अर्धवाहक यांचाही समावेश या पदार्थांत होता. म्हणजेच रासायनिक रीतीने जोडलेल्या सिलिका-कणांचा पदार्थ कोणी शोधून काढला, तरी दुसऱ्याला तोच पदार्थ वेगळ्या कृतीने बनविण्याची मुभा होती. १ जानेवारी २००५ पासून हे कलम गेले आणि खुद्द पदार्थावर वीस वर्षांचा हक्क मिळू लागला. आज जे वाद होतात ते मुख्यतः या बदलानंतरचे होत.

दार उघडताना संसदेने काही अडसर मात्र राखले. त्यांपैकी तीन येथे महत्त्वाचे आहेत.

पहिला अडसर तिसऱ्या कलमाच्या ‘ई’ खंडाचा. घटकांच्या गुणधर्मांची केवळ बेरीज करणारे निव्वळ मिश्रण हा शोध नव्हे, असे तो सांगतो. रासायनिक बंध असलेला पदार्थ हा अडसर पुष्कळदा ओलांडतो; कारण कण आणि बहुवारिक एकत्र कालविणे वेगळे आणि ते एकमेकांना बांधून सुट्या घटकांत नसलेला गुण उत्पन्न करणे वेगळे. तथापि बंध आहे, एवढे म्हणून भागत नाही. तो आहे हे मोजमापाने दाखवावे लागते आणि नवा गुण त्या बंधामुळेच आला, हेही दाखवावे लागते.

दुसरा अडसर त्याच कलमाच्या ‘डी’ खंडाचा. ज्ञात पदार्थाचे नवे रूप, त्याच्या ज्ञात परिणामकारकतेत वाढ झाल्याशिवाय, शोध ठरत नाही. या खंडाच्या स्पष्टीकरणात क्षार, स्फटिकरूपे आणि संयोग यांच्याबरोबर ‘कणांचा आकार’ हा शब्दप्रयोगही आलेला आहे. सिलिकेसंबंधी अर्ज करणाऱ्याने तो नीट वाचला पाहिजे. याच खंडावर नोव्हार्टिस या कंपनीचा खटला लढला गेला. इमॅटिनिब मेसिलेट या कर्करोगावरील औषधाच्या बीटा स्फटिकरूपासाठी केलेला अर्ज चेन्नईच्या कार्यालयाने २००६ मध्ये फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने कंपनीचे अपील नामंजूर केले. स्फटिक अधिक सहजतेने ओघळतो, ओलावा कमी शोषतो, हे गुण उपयुक्त असले तरी त्यांनी औषधाची रोग बरा करण्याची शक्ती वाढत नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. परिणामकारकता ही त्या त्या पदार्थाच्या कार्यावरून, उपयोगावरून व हेतूवरून ठरवावयाची, असेही न्यायालयाने म्हटले. औषधाचे कार्य रोग बरा करणे. स्तंभातील सिलिकेचे कार्य रेणू वेगळे करणे. तेव्हा तिची परीक्षा तिच्या स्वतःच्या कार्यावरच व्हावयास हवी.

तिसरा अडसर सर्वांत जुना. त्या क्षेत्रातील जाणकाराला जे सहज सुचले असते, ते एकस्वास पात्र नाही. याचे मूळ उदाहरण रसायनशाळेतील नसून मिर्झापूरच्या भांड्यांच्या कारखान्यातील आहे. भांडी लेथवर कातताना पक्की धरून ठेवण्याच्या एका साधनावर हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या संस्थेला एकस्व मिळाले होते. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या प्रतिस्पर्धी पेढीने त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ते एकस्व टिकू दिले नाही. जुन्या साधनातील कारागिरीची सुधारणा आणि खरा शोध यांत अंतर आहे, हा त्या निर्णयाचा गाभा होय.

आता हे तिन्ही अडसर एका प्रत्यक्ष पदार्थाला लावून पाहावेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी सिलिकेचे कण, बहुवारिक आणि जोडकारक पाण्यात घेऊन ते पाणी गोठविले. बर्फाचे स्फटिक वाढताना कण त्यांच्या मधल्या जागेत दाटले व तेथेच बहुवारिकाने परस्परांशी बांधले गेले. बर्फ वितळल्यावर स्पंजासारखा पदार्थ उरला. त्याच्या घन भागात मुख्यत्वे ठिसूळ सिलिकाच होती. तरीही पुष्कळ दाबला तरी तो पूर्वस्थितीला येई. हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

अशा पदार्थावर हरकत घेणारा म्हणेल: बर्फाच्या साच्याने सच्छिद्र पदार्थ करणे ज्ञात होते, बहुवारिकाची जोडणीही ज्ञात होती; दोन्ही एकत्र आणण्यात नवल ते काय? अर्जदार उत्तर देईल: ठिसूळ कणांचा असा लवचीक पदार्थ मिळेल, अशी अपेक्षा जाणकारानेही केली नसती, बंध गोठलेल्या स्थितीत पडले म्हणूनच हे घडले. अशा वेळी निर्णय शब्दचातुर्यावर अवलंबून राहत नाही. गोठविण्यापूर्वी बांधलेला नमुना आणि गोठलेल्या स्थितीत बांधलेला नमुना शेजारी ठेवून दोन्हींची मापे सादर केली, तर वाद बव्हंशी मिटतो. ती मापे नसतील, तर चांगला शोधही हातचा जातो.

उलट बाजूचा धोकाही कमी नाही. ‘रासायनिक रीतीने जोडलेले कोणतेही कण’ असा ऐसपैस दावा मंजूर झाला, तर एका प्रयोगाच्या बळावर संपूर्ण क्षेत्र अडते. म्हणूनच दहाव्या कलमाने शोधाचे पूर्ण वर्णन आणि त्या वर्णनावर आधारलेला दावा यांची अट घातली आहे. जितके सांगितले तितकेच मागता येते.

या व्यवस्थेत बोम्मसंद्रा येथील लहान उद्योजकालाही स्थान आहे. कर्नाटकातील अर्ज चेन्नईच्या कार्यालयात जातात, तर महाराष्ट्र व गोव्यातील मुंबईच्या. एकस्व मंजूर होण्यापूर्वी कोणाही व्यक्तीस पंचविसाव्या कलमाखाली हरकत नोंदविता येते. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर एक वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीला ती घेता येते. २०२१ मध्ये अपील मंडळ रद्द झाल्यापासून अपिले उच्च न्यायालयांपुढे चालतात. जुने शोधनिबंध, कालबाह्य झालेली एकस्वे, दिनांक घातलेल्या प्रयोगवह्या ही या लढाईतील साधने होत आणि ती केवळ धनवंतांजवळच असतात असे नाही.

वाळू सर्वांचीच राहील. तिच्या दोन कणांमध्ये ज्याने पूर्वी नसलेला आणि कोणाला न सुचलेला बंध घातला, त्याला त्या बंधापुरता आणि ठरलेल्या मुदतीपुरता हक्क देणे न्याय्य आहे. त्या हक्काची सीमा कोठे पडते, हे ज्या समाजातील सामान्य नागरिकाला समजते, त्या समाजाला ना संशोधकाला नाउमेद करावे लागते, ना रुग्णाला जादा किंमत मोजावी लागते.