शेजारच्या पोराचा आवाज आणि आपला गट

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील मनोगत)



आज हप्त्याबद्दल बोलणार नाही, तेव्हा निवांत बसा. आज बोलायचंय आवाजाबद्दल.

पेणची आळी असो की रोह्याची चाळ, दोन घरांत भिंत एकच आणि वर पत्रा. इकडे कुकरची शिट्टी झाली की तिकडे कळतं. अशा घरात स्वमग्न मूल असेल, म्हणजे ज्याला डॉक्टर ऑटिझम म्हणतात, तर त्याचं किंचाळणं, ताट आपटणं, मध्यरात्री उठून हसत सुटणं सगळ्या आळीला ऐकू जातं. मग कुणीतरी दारात येतं, "पोराला आवरत नाय काय तुला?"

हे ऐकलेल्या आया मला गावोगावी भेटतात. पुढचं बहुतेकींचं सारखंच असतं. आधी खिडकी बंद, मग दार बंद, मग हळदीकुंकवाला जाणं बंद आणि शेवटी गटाची बैठकही बंद. बैठकीला आली नाही म्हणून आपण दंड लावतो. चार वेळा दंड भरला की ती म्हणते, "माझं नाव कमी करा." बचत गेली, कर्जाचा आधार गेला, बोलायला चार बायका होत्या त्याही गेल्या. म्हणून हा तिच्या एकटीच्या घरचा विषय नाही. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे, शिक्षण आहे. मग हेही आपलंच काम.

आधी एक गोष्ट पक्की करू. स्वमग्नता म्हणजे लाड नाही, बाहेरची बाधा नाही आणि आईचं चुकलं असंही नाही. मेंदूची वाढच वेगळ्या पद्धतीनं होते. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अशा ११ मुलांची नोंद केली. त्यानंतर बरीच वर्षं मोठमोठे डॉक्टरसुद्धा आईच्या मायेला दोष देत होते. तो समज खोटा ठरून जमाना झाला. आपल्या आळीत मात्र तो अजून आहे.

मग मूल ओरडतं का? पुष्कळदा त्याला शब्दांत सांगता येत नाही म्हणून. दात दुखतो, पोट दुखतं, रोजचा क्रम बदलला, मिक्सरचा आवाज कानाला टोचला. काही मुलं एकच आवाज परत परत काढतात, कारण त्यानं त्यांना शांत वाटतं. मारून हे थांबत नाही, उलट वाढतं.

आता आईसाठी. गटाची वही लिहितो तशी १५ दिवस एक वही लिहा. किती वाजता ओरडला, आधी काय झालं होतं, कशानं शांत झाला. कारण बहुधा त्या वहीतच सापडतं. ओरडणं एकाएकी वाढलं तर कान, दात, पोट दाखवून घ्या. झोपेचं औषध मनानं देऊ नका. त्याचं अंथरूण शेजाऱ्याच्या भिंतीपासून लांब घाला, त्या भिंतीला जुनी गादी उभी करा. ताट आपटत असेल तर खाली गोधडी घाला. आणि शेजारी यायच्या आधी आपणच त्यांच्याकडे जा. "माझ्या मुलाला असं असं आहे, आम्ही हे हे करतोय. तुमची झोपेची वेळ कोणती?" एवढं बोललं तरी निम्मा राग उतरतो.

कारण शेजाऱ्याचा त्रासही खोटा नाही. धाटावच्या कंपनीत रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोप लागतेच. त्याला वाईट ठरवून चालणार नाही. त्याची पाळी कळली तर त्या वेळेला मुलाला अंगणात किंवा मागच्या पडवीत नेता येईल.

आणि शेजारणींनो, भिंत ठोकू नका, मोबाईलवर व्हिडिओ काढू नका. भिंत ठोकली की ते मूल आणखी घाबरतं. आईला शांतपणे फोन करा. आपण गणपतीत, हळदीत, पालखीत केवढा आवाज सहन करतो! लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवायचा नियम आहे, तरी मांडवाच्या दारात जाऊन कोण भांडतं? त्या लेकराला तोच आवाज कानात खिळा ठोकल्यासारखा होत असेल. मिरवणूक त्याच्या दारावरून जाताना डीजे बारीक करा, एवढं मंडळाला सांगणं आपल्या हातात आहे.

कायदाही माहीत असू द्या. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यात स्वमग्नता आहे. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर कलम ९२ खाली ६ महिने ते ५ वर्षं कैद आणि दंड आहे. हे भांडायला सांगत नाही. पण घरमालक "खोली खाली कर" म्हणून दारात तमाशा करतो, तेव्हा आईच्या बाजूनं बोलणारीला एवढं ठाऊक पाहिजे.

कामाच्या गोष्टी वहीत टिपा. दिव्यांग कार्डासाठी, म्हणजे यूडीआयडीसाठी, ऑनलाइन नोंदणी करायची आणि तपासणीला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायचं. निरामय विमा योजनेत स्वमग्न मुलाला वर्षाला १ लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो, थेरपीसुद्धा त्यात येते. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, तो ग्रामसभेत विचारा. पेणला सुहित जीवन ट्रस्टची विशेष मुलांची सुमंगल शाळा आहे, तिथे जाऊन चौकशी करा. आणि आईचंच मन थकलं असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फुकट बोलता येतं, रात्रीसुद्धा.

आता गटासाठी. पुढच्या बैठकीत तीन ठराव मांडा. एक, अशा आईला गैरहजेरीचा दंड नाही. दोन, महिन्यातली एक बैठक तिच्या अंगणात, नाहीतर बैठकीच्या तासाभरासाठी एक सदस्य मुलाजवळ बसेल. मूल आधी तिच्या ओळखीचं व्हायला हवं, म्हणून चार दिवस अगोदरपासून जायचं. तीन, तक्रार आली तर आई एकटी तोंड देणार नाही. गटाच्या दोघीजणी सोबत जातील आणि दोन्ही घरांचं ऐकतील.

ठराव नुसते बोलून सोडू नका, इतिवृत्तात लिहा आणि सह्या करा. ज्या ताईचं नाव कमी झालं असेल तिच्या घरी जाऊन या, आणि ते नाव परत हजेरीवर घ्या.